'टू टॉवर्स'मधले दोन टॉवर नक्की कुठले? फँटसीवर वाद घालायचा तर असा घाला

स्पॉयलर आहेत, आधीच सांगतो. टोल्किनचं लॉर्ड ऑफ द रिंग्ज, मार्टिनचं साँग ऑफ आइस अँड फायर, रॉबर्ट जॉर्डनचं व्हील ऑफ टाइम, तिन्हीचे. महाभारताचाही एक आहे पण त्याने कुणाचं काही बिघडेल असं वाटत नाही.

जाडजूड फँटसी वाचणारे तीन-चार जण एकत्र आले की ठरलेले वाद निघतातच, टोल्किनच्या बॅलरॉग नावाच्या अग्निराक्षसाला पंख होते का, मार्टिनच्या जॉन स्नोचे आईबाप कोण, अमुक पुस्तकाचं नाव असं का, आणि अर्ध्या तासात सगळे आवाज चढवून बोलत असतात आणि मुद्दा कुठल्याकुठे गेलेला असतो. याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. एक जण बोलतोय पुस्तकाबद्दल, दुसरा सिनेमाबद्दल, तिसऱ्याने लेखकाचं कुठलंतरी पत्र वाचलंय, आणि तिघांनाही वाटतंय की आपण एकाच गोष्टीवर भांडतोय. त्यामुळे तोंड उघडायच्या आधी एवढं ठरवून घ्या की या वादात कुठला पुरावा चालणार आणि कुठला कुणावर भारी पडणार.

माझा क्रम असा: कादंबरीचा छापलेला मजकूर सगळ्यात वर, मग त्याच पुस्तकातल्या परिशिष्टं-टिपा, मग लेखकाची पत्रं आणि मुलाखती, मग कच्चे मसुदे, आणि सिनेमा-सिरीज पार तळाला. तुम्हाला वेगळा लावायचा तर लावा, पण वाद सुरू व्हायच्या आधी लावा, हरायला लागल्यावर नाही. मसुदे एवढे खाली का, तर टोल्किनच्या सुरुवातीच्या मसुद्यात स्ट्रायडर (म्हणजे पुढे राजा होणारा ॲरागॉर्न) हा माणूस नव्हताच, ट्रॉटर नावाचा लाकडी बूट घालणारा हॉबिट, म्हणजे बुटक्या जमातीतला, होता. आता त्या मसुद्यातून काही उचलून ॲरागॉर्नबद्दल सिद्ध करायला गेलात तर काय होईल बघा.

आणि आपल्याला हे थर नवीन नाहीत खरं तर, आपण कर्ण-अर्जुन वादावर वाढलेली माणसं. मयसभेत द्रौपदी दुर्योधनाला 'आंधळ्याचा मुलगा आंधळा' म्हणाली हे सगळ्यांना पाठ असतं, पण पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1966 मध्ये पूर्ण केलेल्या चिकित्सक आवृत्तीत ते वाक्य तिच्या तोंडी नाहीच. ती बायकांसोबत हसली असं येतं, आणि तेसुद्धा नंतर दुर्योधन स्वतः बापाला सांगतो तेव्हा. म्हणजे सांगणारा कोण हा प्रश्न आलाच, त्याकडे पुढे येतो.

आता नावाचा वाद. यासाठी लॉर्ड ऑफ द रिंग्जच्या दुसऱ्या खंडासारखं, 'द टू टॉवर्स'सारखं, उदाहरण नाही, कारण यात लेखक स्वतःच गोंधळलेला आहे. गोष्टीत नाव घेण्यासारखे टॉवर पाच: फितूर जादूगार सारुमनचा ऑर्थँक, मुख्य खलनायक सॉरॉनचा बाराद-दूर, गाँडोर राज्याचं मिनास तिरिथ, सॉरॉनच्या नाझगुल सरदारांचं मिनास मॉर्गुल, आणि खिंडीवरचा किरिथ उंगोल. पाचातून दोन काढायचे म्हणजे दहा जोड्या होतात, आणि त्यातल्या निम्म्या तरी जोड्यांना कुणी ना कुणी वकील भेटतोच.

सुरुवात कुठून करायची? नाव कधी पडलं आणि कशासाठी पडलं इथून. टोल्किनने तीन कादंबऱ्या लिहिल्याच नव्हत्या, एकच सलग गोष्ट लिहिली होती, आतून सहा भागांत वाटलेली. युद्धानंतर कागद महाग, एवढा मोठा ग्रंथ एकगठ्ठा काढणं प्रकाशकाला धोक्याचं, म्हणून तीन खंड झाले आणि तीन नावं शोधावी लागली. मधल्या खंडात तिसरा आणि चौथा भाग आला, एकात रोहानचं राज्य, एंट नावाची चालती-बोलती झाडं, आयझेनगार्डची (ऑर्थँक जिथे आहे तो सारुमनचा किल्ला) धमाल, दुसऱ्यात रिंग घेऊन निघालेल्या फ्रोडो-सॅमची आणि गॉलमची पायपीट, आणि या दोन्ही भागांतली माणसं एकमेकांना भेटतसुद्धा नाहीत. अशा दोन तुकड्यांना एका नावात बांधायचं होतं. हे एकदा डोक्यात बसलं की 'या नावात काहीतरी खोल अर्थ असणारच' ही हवा बरीचशी निघून जाते. नाव गोष्टीतून उगवलेलं नाही, बाइंडिंगच्या गरजेतून आलंय.

मग लेखक काय म्हणतो ते तारखेप्रमाणे लावा, हे महत्त्वाचं आहे, कारण लोक लेखकाचं एकच वाक्य उचलून आणतात आणि पत्ता उघडल्यासारखं टेबलावर आपटतात. ऑगस्ट 1953 मधल्या पत्रात टोल्किन प्रकाशकाला सांगतो की हे नाव मोघमच ठेवता येईल, आयझेनगार्ड आणि बाराद-दूर धरा, किंवा मिनास तिरिथ आणि बाराद-दूर, किंवा आयझेनगार्ड आणि किरिथ उंगोल. जानेवारी 1954 मध्ये तोच म्हणतो की हे नाव मला अजिबात पटलेलं नाही, धरायचंच तर ऑर्थँक आणि किरिथ उंगोल धरावं लागेल, पण पुस्तकभर बाराद-दूर विरुद्ध मिनास तिरिथ असा सामना रंगवल्यामुळे वाचकाची दिशाभूल होणार. आणि त्याच वर्षी जुलैत पहिला खंड बाहेर आला, त्याच्या शेवटी टीप छापली की दुसऱ्या खंडावर ऑर्थँक आणि मिनास मॉर्गुल यांचा पगडा आहे म्हणून हे नाव! एका वर्षाच्या आत तीन उत्तरं, आणि तिसऱ्यात तर मिनास मॉर्गुल कुठून उपटलं हा वेगळाच विषय. टोल्किनने मुखपृष्ठासाठी स्वतः काढलेलं चित्र आहे, त्यातलेही दोन मनोरे ऑर्थँक आणि मिनास मॉर्गुल असेच ओळखले जातात. 2002 च्या सिनेमाने सरळ ऑर्थँक आणि बाराद-दूर घेतले, सारुमनच्या तोंडी तसं वाक्यच घालून दिलं, त्यामुळे आज दहातले आठ जण तीच जोडी सांगतील आणि त्यांना आपण पुस्तकातलं सांगतोय असंच वाटत असेल.

माझा निकाल विचाराल तर ऑर्थँक आणि मिनास मॉर्गुल, कारण माझ्या क्रमात पुस्तकात छापलेली टीप ही पत्राच्या वर येते. कुणी किरिथ उंगोल म्हणालं तर मी भांडणार नाही, चौथा भाग शेवटी तिथेच येऊन थांबतो, फ्रोडोला ऑर्क उचलून त्याच टॉवरकडे नेतात. पण 'लेखकाने स्वतः सांगितलंय' एवढंच म्हणून कुणी वाद संपवायला आला तर त्याला शांतपणे विचारा, कुठल्या महिन्यात?

नावांच्या बाबतीत अजून एक बघायचं, लेखकाला दुसरं कुठलं नाव हवं होतं का. तिसऱ्या खंडासाठी टोल्किनला 'द वॉर ऑफ द रिंग' जास्त पसंत होतं कारण 'द रिटर्न ऑफ द किंग' हे नाव शेवट फोडून टाकतं. म्हणजे स्पॉयलरची कटकट 1953 पासून चालू आहे आणि तीही खुद्द लेखकाची.

आता प्लॉटमधल्या बारीकसारीक गोष्टी. इथे एकच काम करायचं, पण तेच कुणी करत नाही: मूळ परिच्छेद उघडा आणि त्याच्या आधीचं एक पान आणि नंतरचं एक पान वाचा. बॅलरॉगच्या पंखांचंच घ्या. खझाद-दूमच्या पुलावर जादूगार गँडाल्फ उभा आहे, बॅलरॉग समोर येऊन थांबतो, आणि त्याच्याभोवतीची सावली दोन अवाढव्य पंखांसारखी पसरली असं वाक्य येतं. 'सारखी' आहे, उपमा आहे, पंख नाहीत, असं म्हणून एक पार्टी पुस्तक मिटून मोकळी होते. पण थोडंच पुढे वाचा, तो ताठ उभा राहतो आणि त्याचे पंख या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरले असं येतं, इथे 'सारखे' गायब. दुसरी पार्टी फक्त हेच वाक्य घेऊन फिरते. दोन्ही वाक्यं शेजारी ठेवली की खरा प्रश्न कळतो, दुसऱ्या वाक्यातले पंख हे पहिल्या वाक्यातली उपमाच पुढे चालवलेली आहे की आता खरोखरचे पंख? मग जोडीला बाकीचे पुरावे आणा: तो दरीत कोसळतो, उडत नाही. पुढच्या खंडात गँडाल्फ लढाईची हकिगत सांगतो तेव्हाही बॅलरॉग जिन्याने वर पळतो आणि शेवटी डोंगरावरून खालीच पडतो. यातून त्याला उडता येत नव्हतं एवढं नीट सिद्ध होतं, पंख नव्हते हे नाही होत (कोंबडीला विचारा). मला स्वतःला सावलीवाली बाजू पटते पण ती सिद्ध झालीये असं मी म्हणत नाही, आणि समोरचाही तसं म्हणाला तर म्हणू देत नाही.

पान नंबर देऊ नका हां, प्रत्येक एडिशनचे वेगळे असतात आणि ईबुकला तर काही धरबंधच नाही. चॅप्टरचं नाव द्या.

मार्टिनच्या पुस्तकांवर भांडताना तर आधी बघायचं की सांगतंय कोण. तिथला प्रत्येक चॅप्टर एकेका पात्राच्या डोळ्यांनी येतो आणि पात्रं चुकतात, विसरतात, स्वतःशी खोटं बोलतात. ब्लॅकवॉटरच्या लढाईच्या रात्री हाउंड सान्साच्या खोलीत येतो, त्या प्रसंगात किस वगैरे काही नाही, पण नंतरच्या पुस्तकांत सान्साला त्याने केलेला किस आठवतो. तुम्ही नंतरचा चॅप्टर पुरावा म्हणून आणलात तर गेलात. मार्टिनने हे मुद्दाम केलंय, आठवण कशी बदलते ते दाखवायला. त्यामुळे 'पुस्तकात लिहिलंय' हे पुरेसं नाही, घडताना दाखवलंय की कुणालातरी आठवतंय हे सांगा. आणि कृपा करून 'गेम ऑफ थ्रोन्स' ही टीव्ही सिरीज वादात आणू नका. जॉनची आई लियाना हे टीव्हीवर 2016 मध्ये दाखवलं म्हणून लोक ती थिअरी संपली असं धरून चालतात, पण कादंबऱ्यांत ते अजून उघड झालेलं नाही, तिथे ते अजून पुराव्यावरच उभं आहे. पुरावा भक्कम आहे, मान्य, पण भक्कम असणं वेगळं आणि उघड होणं वेगळं.

मागची पानं वाचायची सवय लावा हेही सांगून ठेवतो. व्हील ऑफ टाइमच्या पाचव्या पुस्तकात, 1993 मध्ये, अ‍ॅस्मोडियन हा खलनायक दार उघडतो, कुणाला तरी ओळखतो आणि मरतो, मारणारा कोण ते सांगितलंच नाही. लोकांनी यावर वर्षानुवर्षं डोकी फोडली. रॉबर्ट जॉर्डन 2007 मध्ये गेला, ब्रँडन सँडरसनने मालिका पुढे नेली आणि 2010 च्या 'टॉवर्स ऑफ मिडनाइट'मध्ये उत्तर आलं, ते कुठे? मागे शब्दसूचीत! ग्रेंडल, असं एका ओळीत उरकलंय. शब्दसूची कोण वाचतं म्हणणारे कितीतरी जण पुस्तक संपवूनही तोच वाद घालत राहिले असणार.

लॉर्ड ऑफ द रिंग्जमध्ये गरुडांवर बसून रिंग नष्ट करायला थेट का नाही नेली, हा विषय निघाला तर मजा म्हणून बोला, निकालाची अपेक्षा ठेवू नका. रिंगचं काय करायचं ते ठरवणाऱ्या एलरॉंडच्या सभेत हा पर्याय कुणी काढतच नाही, म्हणजे मजकूर यावर गप्प आहे आणि दोन्ही बाजू जे बोलतात ते सगळं स्वतःच्या पदरचं.

वाद किती ताणायचा याची एक चाचणी आहे. समोरच्याला विचारा, काय दाखवलं तर तू मागे घेशील? त्याने एखादं वाक्य, एखादा चॅप्टर सांगितला तर बसा, चहा मागवा, तासभर सहज जाईल. 'काहीच नाही' म्हणाला तर विषय बदला. हाच प्रश्न स्वतःलाही विचारायचा, फक्त समोरच्याला नाही. आणि लॉर्ड ऑफ द रिंग्जमधला तो गाणी म्हणत फिरणारा टॉम बॉम्बॅडिल कोण यावर कुणी विचारलं तर चहाही मागवू नका, टोल्किनने 1954 च्या एका पत्रात लिहून ठेवलंय की काही कोडी असायलाच हवीत आणि बॉम्बॅडिल हे मुद्दाम ठेवलेलं कोडं आहे. तरी ज्याला वाद घालायचाच आहे तो घालतोच म्हणा, त्याला आधी पुरावा कुठला चालणार ते विचारा.