भाड्याच्या घरात गाडीचा चार्जर: शोरूम गाठण्याआधी मीटर बोर्ड बघा

मे महिन्यातली रात्र. गोव्यात फोंड्यातल्या भाड्याच्या घरासमोर इलेक्ट्रिक गाडी लावली, प्लग घातला, तर चार्जरवर हिरव्याऐवजी लाल दिवा. आदल्या रात्रीपर्यंत सगळं सुरळीत होतं. फोनवर शोरूमच्या मेकॅनिकने एकच प्रश्न विचारला, "अर्थिंगचा खड्डा कुठाय?" टॉर्च घेऊन घरामागे गेलो. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या जमिनीत खणलेला जुना मीठ-कोळशाचा खड्डा, वर फुटकं झाकण, आत खडखडीत कोरडी माती. तीन बादल्या पाणी ओतलं आणि अर्ध्या तासाने पुन्हा प्लग घातला. हिरवा दिवा लागला. अर्थिंग म्हणजे गळणारा करंट जमिनीत सोडणारी जोडणी. माती कोरडी पडली की ती निकामी होते आणि चार्जर चालायला नकार देतो.

तेव्हापासून कुणी घरी चार्जर बसवण्याबद्दल विचारलं की मी चार्जरपासून सुरुवात करत नाही. चार्जर शेवटी येतो.

आधी गरज मोजा

बहुतेकांना वाटतं की भिंतीवर ७.२ किलोवॉटचा मोठा चार्जर हवाच. मी रोज फोंडा ते पणजी जाऊन-येऊन साधारण ६० किलोमीटर करतो. छोटी इलेक्ट्रिक कार एका युनिटला सहा-सात किलोमीटर जाते. चार्ज होतानाचा तोटा धरला तरी रोजचे दहा-साडेदहा युनिट झाले. गाडीसोबत मिळणारा चार्जर १६ अँपियरच्या पॉइंटवर जेमतेम ३ किलोवॉट ओढतो, म्हणजे साडेतीन तासांचं काम. रात्री अकराला लावा, अडीचला मोकळे. उद्या ज्या घरातून निघायचं आहे, तिथे मोठ्या चार्जरसाठी ३२ अँपियरची लाइन ओढण्यात मला तरी शहाणपणा दिसत नाही. स्कूटरवाल्यांचा चार्जर तर साधारण किलोवॉटच्या आसपासच घेतो. त्यांना फक्त पुढचा अर्थिंगचा आणि पॉइंटचा भाग वाचला तरी चालेल.

वीजबिल हातात घ्या

बिलावर दोन गोष्टी बघा, मंजूर भार (एका वेळी किती वीज ओढायची परवानगी आहे तो आकडा) आणि नाव. भार ३ किलोवॉट असेल आणि घरात गिझर, एसी असेल, तर चार्जरसाठी भार वाढवून घ्यावा लागणार. तो अर्ज वीज खात्याकडे ज्याच्या नावावर जोडणी आहे त्याने करायचा असतो, आणि गोव्यात खरी गोम इथेच आहे. कितीतरी घरांचं बिल अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर येतं, घरात पाच वाटेकरी असतात आणि इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधल्या वाटणीचं कोर्टातलं काम, वर्षानुवर्षं चालू असते. असं घर असेल तर नाव बदलून मिळेपर्यंत भारवाढ विसरा. आहे त्या भारात, गिझर आणि एसी बंद असताना चार्ज करायची सवय लावा.

घराच्या आहे त्याच जोडणीवर गाडी चार्ज करायला केंद्राच्या वीज मंत्रालयाची मार्गदर्शक तत्त्वं परवानगी देतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्राहक हक्कांच्या नियमांत झालेल्या दुरुस्तीमुळे चार्जिंगसाठी वेगळी जोडणीही मागता येते. पण तिथेही मालकाची सही लागेल असंच धरून चला.

मालकांशी बोलणं

माझ्या मालकीणबाईंचा पहिला प्रश्न होता, "रात्री पेट घेतला तर?" दुसरा, "आणि बिल?" दोन्ही रास्त. मी म्हटलं, "काकू, तुमच्या जुन्या वायरला हातसुद्धा लावणार नाही. मीटर बोर्डापासून वेगळी लाइन ओढतो, परवानाधारक वायरमनकडून, माझ्या खर्चाने. मधे सबमीटर लावतो, दर महिन्याला आकडा तुम्हीच वाचा." त्या म्हणाल्या, "बरं, पण भिंत फोडायची नाही हं." पाइप भिंतीवरूनच नेला.

सबमीटरचे पैसे ठरवताना एक गोष्ट लक्षात ठेवा. घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महाग होते. मालक त्याच मीटरवर राहत असतील तर तुमचे महिन्याचे अडीचशे युनिट त्यांना वरच्या टप्प्यात ढकलतात. हे त्यांना बिल आल्यावर कळण्याऐवजी आधीच सांगा आणि दर ठरवून घ्या.

जे ठरेल ते करारात लिहा. अकरा महिन्यांच्या करारात एवढी तीन वाक्यं पुरतात: "भाडेकरू स्वखर्चाने वाहन चार्जिंगची स्वतंत्र लाइन बसवील. घर सोडताना चार्जर व सबमीटर भाडेकरू नेईल. वायर, स्विच व अर्थिंग घरमालकांचे राहील." अर्थिंग घराला कायमचं उपयोगी पडतं, म्हणून त्याचा अर्धा खर्च मालकांकडे मागायला लाजू नका. काकूंनी दिला.

वायरमन आला की

आधी मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज बघायला सांगा. दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर ठीक. त्याहून जास्त असेल तर अर्थिंग आधी, बाकी सगळं नंतर. चिऱ्याची जमीन पावसात ओली असते तेव्हा अर्थिंग छान वाटतं आणि एप्रिल-मेमध्ये दगा देतं. चाचणी उन्हाळ्यात केलेलीच खरी. जागा असेल तर नवा केमिकल अर्थिंगचा (मीठ-कोळशाऐवजी ओल धरणारी पावडर भरलेला) खड्डा घ्या. नाहीतर जुन्या खड्ड्याला आठवड्यातून एकदा पाणी घाला, तुळशीला घालता तसं न चुकता.

मग लाइन. मीटर बोर्डापासून थेट ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, २० अँपियरचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच). आरसीसीबी "ए टाइप"चा मागा. दुकानदार हमखास स्वस्तातला "एसी टाइप" पुढे करतो, पण गाडीच्या चार्जरमधून गळणारा करंट त्याला नीट ओळखता येईलच असं नाही. पॉइंट १६ अँपियरचा, नवाकोरा, स्क्रू कचकचून आवळलेला. पहिल्या घरात मी स्वयंपाकघरातला जुना पॉइंट वापरला होता. दहाव्या दिवशी प्लगची एक पिन तपकिरी झाली आणि जळक्या बेकलाइटचा वास सुटला. जुन्या, सैल पॉइंटला तासन्‌तास सलग १३-१४ अँपियर पेलत नाहीत. एक्स्टेन्शन बोर्डचं तर नावच काढू नका.

पॉइंटची जागा छपराखाली, छातीएवढ्या उंचीवर, झाकणाच्या वॉटरप्रूफ पेटीत. इथला पाऊस वरून कमी आणि आडवाच जास्त येतो. केबल सॉकेटमधून आधी खाली लोंबू द्या आणि मग गाडीकडे न्या, म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी खालच्या वळणावरूनच टपकतं, सॉकेटात शिरत नाही. समुद्राजवळ राहत असाल तर खाऱ्या हवेने पिना गंजतात. महिन्याकाठी मेन बंद करून कोरड्या कपड्याने पुसा.

पहिल्या रात्री तासाभराने प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल. चटका बसला तर लगेच बंद करून वायरमनला परत बोलवा.

फ्लॅट असेल तर

फ्लॅटमध्ये मालकांसोबत सोसायटीही येते. पार्किंगची जागा करारात तुमच्या फ्लॅटच्या नावाने आहे का ते बघा, आणि लाइन तुमच्याच मीटरवरून जाणार असं लिहून सोसायटीचा ना हरकत दाखला मागा. मीटर रूमपासून पार्किंग लांब असेल तर वायर ६ चौरस मिलिमीटरची घ्या. पार्किंगमध्ये जुलैत पाणी कुठवर चढतं ते वॉचमनला विचारा. त्याला सेक्रेटरीपेक्षा जास्त ठाऊक असतं.

सामान बांधताना

सबमीटरच्या शेवटच्या आकड्याचा फोटो मालकांसमोर काढा. चार्जर आणि सबमीटर काढल्यावर वायरची टोकं वायरमनकडूनच बंद करून घ्या. भिंतीतली भोकं पुट्टीने भरा आणि वर रंगाचा हात मारा. डिपॉझिटमधून कापायला तेवढं एक भोकही पुरतं.