व्होल्टेज-करंटवरून ओहम आणि वॅट काढताना या चुका टाळा

माझ्या हाताखाली वायरिंग शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला सूत्रं पाठ असतात. व्होल्टला अँपिअरने भागलं की ओहम, दोन्हींचा गुणाकार केला की वॅट. गुणाकारात कुणी चुकत नाही, तो मोबाइल करतो. चुकतो तो गुणाकारात घातलेला आकडा. एक उपकरणाच्या पाटीवर छापलेला, एक मीटरवर दिसलेला आणि एक ‘आपल्याकडे २३० असतंच’ म्हणून धरून टाकलेला. असे तीन ठिकाणचे तीन आकडे एका सूत्रात घातले तर उत्तर नेमकं कशाचं आलं, हे कुणालाच सांगता येणार नाही.

सगळ्यात जास्त नडणारी चूक म्हणजे लोड, म्हणजे वीज खाणारं उपकरण, बंद असताना व्होल्टेज मोजणं. इचलकरंजीजवळच्या एका बंगल्यातलं काम सांगतो. पंधरा लिटरचा, २००० वॅटचा गीझर. मालकांची तक्रार अशी की पूर्वी पंधरा-सोळा मिनिटांत पाणी तापायचं, आता वीस मिनिटं लागतात. माझ्याबरोबरच्या मुलाने प्लग काढून एलिमेंट (पाणी तापवणारी कॉइल) मोजलं : २६.५ ओहम. सॉकेटला मीटर लावला : २३१ व्होल्ट. व्होल्टेजचा वर्ग केला, ओहमने भागला, २०१३ वॅट आले. “दादा, गीझर चांगला आहे, थंडीमुळे पाणीच गार येत असणार.” असं म्हणून तो पिशवी भरायलाही लागला.

मी त्याला थांबवलं. गीझर चालू केला आणि गीझरच्याच टर्मिनलवर मोजलं. २०६ व्होल्ट! क्लॅम्प मीटरवर (वायरीभोवती चिमट्यासारखा अडकवून करंट मोजायचा मीटर) ७.८ अँपिअर. म्हणजे पाण्याला मिळत होते जेमतेम १६०० वॅट. मधले २५ व्होल्ट वाटेतच पडत होते. २५ गुणिले ७.८ म्हणजे १९५ वॅट, आणि ही उष्णता भिंतीतल्या वायरीत आणि जॉइंटमध्ये तयार होत होती. एमसीबी (लाइन तोडणारा स्विच) पाडून बोर्ड उघडला. आत एक चौरस एमएमची वायर, तिला पीळ मारून वरून टेप गुंडाळलेला जॉइंट. टेप वितळून चिकटली होती, तांबं काळं पडलं होतं. त्या घरात लहान मुलं होती. ती वायर मी तशी ठेवून आलो असतो तर मला झोप लागली नसती.

लोड बंद असताना वाटेतून जवळपास करंटच जात नाही. करंट नाही तर व्होल्टेज पडणार कुठून? म्हणून सडलेला जॉइंटही मीटरला पूर्ण व्होल्टेज दाखवतो. माझी सवय ठरलेली आहे : एकाच जागी दोनदा मोजायचं, आधी लोड बंद ठेवून, मग चालू करून, आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहायचे. त्या घरी मेन बोर्डापासून थेट चार चौरस एमएमची अखंड वायर ओढली, तेव्हा चालू गीझरवर २२८ व्होल्ट मिळाले. चालू लाइनवर मोजायचं काम पहिले सहा महिने मी कुणालाही एकट्याने करू देत नाही.

याच्याच पाठोपाठ येणारा गैरसमज : व्होल्टेज कमी झालं की करंट वाढतो. हे लोड दिलेल्या पंपाच्या मोटरबाबत खरं आहे, त्यात कमी व्होल्टेजवर वाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी) जळतं. गीझर, इस्त्री, शेगडी यांच्यात उलट होतं. कॉइलचे ओहम तेवढेच राहतात, म्हणून व्होल्टेजबरोबर करंटही घसरतो आणि वॅट तर टक्केवारीत जवळपास दुप्पट घसरतात.

दुसरी चूक गार बल्बची. आपण ओहममध्ये मोजतो त्याला शाळेच्या पुस्तकात रोध म्हणतात, आणि तिथल्या ओहमच्या नियमात ‘तापमान स्थिर असताना’ अशी अट असते. ती अट वाचायला कुणी थांबत नाही. १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब मीटरवर मोजा, चाळीसच्या आसपास ओहम दिसतील. त्यावरून हिशेब केला तर तेराशे वॅट येतात! एका मुलाने मीटरच खराब ठरवला होता. मीटर बरोबर होता. पेटल्यावर टंगस्टनची तार अडीच हजार अंशांच्या आसपास तापते आणि तिचे ओहम ५२९ होतात. गीझरची नायक्रोमची तार तापूनही फारशी बदलत नाही, म्हणून ती गार मोजली तरी चालते. कोणत्या वस्तूचा मोजलेला ओहम धरायचा आणि कोणत्या वस्तूत चालू असतानाचे व्होल्ट आणि अँपिअर घेऊन काढायचा, हे मोबाइल अ‍ॅप सांगत नाही. व्होल्ट, अँपिअर, ओहम, वॅट यांच्या बारा सूत्रांचं रंगीत चक्र भिंतीवर लावणाऱ्यांना मी ते काढायला लावतो. दोन सूत्रं पुरतात, बाकीची कागदावर सोडवून काढावीत. घाई असलेल्या मुलाला हे पटत नाही, पण हाताने सोडवलेलं विसरत नाही.

मिलिअँपिअर (अँपिअरचा हजारावा भाग) तसेच भागू नका, आधी अँपिअर करा. १२ व्होल्टला २० मिलिअँपिअर म्हणजे ६०० ओहम, ०.६ नव्हे. वॅट निघतात ०.२४, तेव्हा पाव वॅटचा रेझिस्टर अगदी काठावर येतो. मी अर्ध्या वॅटचाच घालतो.

फ्रिज, पंखा, मोटर यांचे व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट नव्हेत. त्याला पॉवर फॅक्टरने (त्यातली किती वीज खरोखर कामी येते, तो एकाहून लहान आकडा) गुणावं लागतं, नाहीतर बिलाचा अंदाज फुगतो.

सप्लाय चालू असताना ओहम मोजू नका.

क्लॅम्प मीटरमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्ही घातल्या तर शून्य दिसतं. एकच वायर घ्या.

करंट मोजून झाल्यावर लाल वायर दहा अँपिअरच्या भोकात विसरून तशीच सॉकेटला लावली, तर मीटर म्हणजे सरळ शॉर्ट सर्किट. करंट मोजताना मीटरचा स्वतःचा रोध जवळपास शून्य असतो. म्हणून करंट मोजला की ती वायर तिथल्या तिथे परत व्होल्टच्या भोकात घालायची, मगच पुढचं बोलायचं.