कोल्हापुरातून बॉक्सिंगचा कोच व्हायचं तर

राष्ट्रीय शिबिराची वाट पतियाळाच्या एनआयएसवरून, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेवरून जाते. संस्था 1961 ची. द्रोणाचार्य पुरस्कार 1985 साली सुरू झाला, त्याच वर्षी तो मिळालेले बॉक्सिंग कोच ओमप्रकाश भारद्वाज इथेच शिकवत. कोचिंगचा डिप्लोमा इथूनच करा. सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स गल्लीतला क्लब चालवायला पुरतो, त्याच्या जिवावर मोठ्या जागेची आशा धरू नका. पदवी आणि स्वतः खेळल्याची प्रमाणपत्रं आधीच जमवून ठेवा. परदेशी कोर्सला पैसे भरताना प्रमाणपत्र कुणाचं, ते बघा: आयओसीने (आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती) 2023 मध्ये आयबीए या जुन्या जागतिक बॉक्सिंग संघटनेची मान्यता काढली, आता वर्ल्ड बॉक्सिंग या नव्या संघटनेचं चालतं.

कागद एवढेच. पुढचं सगळं पोरांवर.

कोल्हापुरात शिकायला येणारं पोर बहुधा तालमीतलं. मान, खांदे, दम तयार, खोड पायांत. कुस्तीच्या सवयीने ते कमरेत वाकतं, भार पुढच्या पायावर टाकतं, आणि नेमक्या त्या वाकण्यावर अपरकट, म्हणजे खालून वर येणारा ठोसा बसतो. जवळ गेलं की हात आपोआप समोरच्याच्या मानेवर जातो. धरपकडीला पंच आधी समज देतात, मग ताकीद, म्हणजे गुण गेलाच.

म्हणून पहिले तीन आठवडे ग्लोव्हज देऊच नका. खडूने सरळ रेघ ओढा. डावा पाय रेघेच्या डावीकडे पुढे, उजवा उजवीकडे मागे, मागची टाच कागद सरकेल इतकी उचललेली. पुढे जाताना पुढचा पाय आधी, मागे येताना मागचा. दोन्ही पाय रेघेवर आले की खांद्याला बोटाने ढकला. तोल कसा जातो ते सांगावं लागत नाही.

खुराकाचं वेगळं दुखणं. लढत असेल त्या प्रत्येक सकाळी वजन होतं. आदल्या रात्री पाणी तोडून वजन उतरवलेलं पोर पहिली लढत काढतं, तिसरीला पाय उचलत नाही. थंडाई आणि तूप महिनाभर आधी आवरा.

लढतीत तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या, मध्ये एक मिनिट विश्रांती. स्टूल टाका, माउथगार्ड (दातांवरचं रबरी कवच) काढून धुवा, गुळणी, घोटभर पाणी. पहिली 20 सेकंद गप्प बसा. धापा टाकणाऱ्याला काही ऐकू जात नाही. मग एकच सूचना, तीही कृतीची: ‘जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मारून डावीकडे सरक.’ ‘मार, मार’ गॅलरीला शोभतं. 10 सेकंद उरली की माउथगार्ड परत तोंडात, आणि उतरताना स्टूल घ्यायला विसरू नका.