रेस दिली की मान टाकणारी चेनसॉ: स्क्रूला हात लावण्याआधी या चुका टाळा

३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागलं. त्यानंतर कित्येक दिवस आमच्या रायगडातल्या गावात पहाटेपासून एकच आवाज होता, चेनसॉचा. वाड्यांमधले माड-पोफळी आडवे, रस्त्यावर आंबे-फणस. ज्याला जमेल त्याने मशीन आणली, कोणी नवी, कोणी वापरलेली. आमची ४५ सीसीची मशीन त्याच धांदलीत सेकंडहँड घेतलेली. आता या सगळ्या मशिनी म्हाताऱ्या झाल्यात, आणि पावसाळा सरला की दर वर्षी तीच तक्रार ऐकू येते: "चालू होते, स्लोवर मस्त चालते, पण रेस दिली की दबते."

तक्रार ऐकल्याबरोबर लोक खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढतात. मीही काढला होता. दोन दिवस कार्बोरेटरचे स्क्रू मागेपुढे केले, मग वैतागून नवा कार्बोरेटर बसवला, आणि मशीन जशीच्या तशी दबत राहिली. दोष कुठे होता ते पुढे सांगतो. तोवर एवढं लक्षात ठेवा की चांगली चालणारी मशीन एका रात्रीत दबायला लागली, तर स्क्रू काही रात्री स्वतःहून फिरलेला नसतो.

आधी कान लावा

दबणं दोन तऱ्हेचं असतं. पहिल्यात ट्रिगर दाबताच आवाज आत ओढल्यासारखा खाली बसतो, धूर दिसत नाही, आणि दाबून धरलं तर मशीन बंद पडते. ही पेट्रोल कमी पडल्याची खूण. दुसऱ्यात गुळण्या केल्यासारखी फटफट होते, निळसर धूर येतो, सायलेन्सरच्या तोंडाशी ओलं काळं तेल दिसतं. तिथे पेट्रोल जास्त होतंय किंवा हवा कमी पडतेय. जुन्या मशिनीत माझ्या पाहण्यात पहिला प्रकारच जास्त.

खात्री करायची असेल तर मशीन गरम झाल्यावर चोक अर्धा ओढून हलकी रेस द्या. दबणं कमी झालं, तर पेट्रोल पुरत नाहीये किंवा कुठूनतरी जादा हवा शिरतेय. आणखी बिघडलं, तर एअर फिल्टर उघडा. लाकडाचा भुसा आणि चेनचं तेल मिळून फिल्टरवर जी पुरणासारखी थापी बसते, ती फुंकर मारून निघत नाही. साबणाच्या कोमट पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका.

चाचणी घेताना एक चूक हमखास होते. चेन फिरू नये म्हणून ब्रेक लावून जोरात रेस देतात. मग क्लच ब्रेकच्या पट्ट्याशी भांडत बसतो, ड्रम तापतो, शेजारचं प्लास्टिक वितळतं, आणि इंजिन दबल्यासारखं वाटतं ते ब्रेकमुळेच. ब्रेक लावून सुरू करायची ते बरोबर, पण रेस देताना ब्रेक सोडलेला हवा. मशीन दोन्ही हातांत घट्ट, बार मोकळ्या हवेत, समोर कोणी नाही.

डब्यातलं जुनं पेट्रोल

गणपतीआधी ठेवलेली मशीन दिवाळीनंतर काढायची आणि त्याच टाकीतल्या मिश्रणावर सुरू करायचा प्रयत्न करायचा, ही आमच्याकडची पद्धतच आहे. आता पंपावर ई-२० पेट्रोल मिळतं, त्यात २० टक्के इथेनॉल. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि कोकणात ओलाव्याला काय तोटा? पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी तळाशी वेगळं बसतं, आणि टाकीतला फिल्टर नेमका तळाशीच पडलेला असतो. बऱ्याच जुन्या मशिनींच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं, कारण रबरी नळ्या आणि कार्बोरेटरमधले पडदे त्याने कडक होतात किंवा फुगतात. म्हणून काम संपलं की टाकी रिकामी करा आणि मशीन आपणहून बंद पडेपर्यंत स्लोवर चालवा. दोन मिनिटांचं काम आहे.

ऑइलचंही तसंच. "जरा जास्तच घातलं, इंजिनला बरं" असं म्हणत लोक अंदाजे ओततात. ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिली, २५ ला १ म्हणजे ४० मिली. आपल्या मशीनला कोणतं ते पुस्तिकेत पाहा आणि मापाने घाला. ऑइल वाढवलं की तेवढ्या मिश्रणात पेट्रोल कमी होतं. म्हणजे मशीन आधीच पेट्रोलसाठी तडफडतेय, त्यात आपण आणखी काटकसर करतो.

नळी, फिल्टर आणि टाकीचा श्वास

आमच्या मशीनचा दोष इथे होता. टाकीतला फिल्टर तारेच्या आकड्याने बाहेर ओढून मी तो बदलला होता. पण ज्या नळीला तो लागलेला, ती वरवर धडधाकट दिसली म्हणून तशीच ठेवली. एका मेकॅनिकने ती बाहेर काढून बोटांत वाकवली. टाकीच्या भिंतीतून नळी जिथे बाहेर पडते, बरोबर त्या वळणावर केसाएवढी चीर होती. सरळ असताना मिटलेली, वाकवली की तोंड उघडायची. स्लोवर पेट्रोल थोडंच लागतं, तेवढं मिळायचं. रेस दिली की जोराने ओढ बसायची आणि पेट्रोलऐवजी हवा यायची. मी काढून टाकलेला जुना कार्बोरेटर अगदी चांगला होता. तो अजून कपाटात आहे.

म्हणून नळी जागेवर नुसती बघू नका, काढून वाकवा. चिकट लागली, फुगलेली वाटली किंवा वाकवताना कडकडली तर सरळ बदला. तशीच दुसरी एक नळी किंवा बारीक वाट क्रँककेसमधून, म्हणजे पिस्टनखालच्या पेटीतून, कार्बोरेटरकडे जाते. पिस्टनच्या हालचालीने तिथे जो दाब-ओढ होतो त्यावरच कार्बोरेटरमधला पेट्रोलचा पंप चालतो, म्हणून ती फाटली तर पंपच लंगडतो.

टाकीलाही श्वास घ्यावा लागतो. पेट्रोल कमी होईल तशी हवा आत यायला एक छोटी झडप असते, ती भुशाने बुजते. लक्षण सोपं: सुरुवातीला पाच-दहा मिनिटं ठीक, मग दबायला लागते. तशी दबली की बंद करा, सायलेन्सर निवू द्या, टाकीचं झाकण उघडून परत लावा. 'फुस्स' करून हवा आत गेली आणि नंतर मशीन पुन्हा थोडा वेळ नीट चालली, तर झडप साफ करा. झाकण सैल ठेवून काम मात्र करू नका. आडवी धरल्यावर पेट्रोल कुठे सांडेल ते सांगायला नको.

स्कूटरचा हात इथे चालत नाही

टू-स्ट्रोक म्हटलं की आपले जुने मेकॅनिक स्कूटर आठवून कामाला लागतात. पण स्कूटरच्या कार्बोरेटरमध्ये तरंगणारा फ्लोट असायचा, तो उभ्या गाडीत ठीक. चेनसॉ आडवी, उलटी, कशीही धरतात, म्हणून तिच्यात फ्लोट नसतो. एका बाजूचा पातळ पडदा पेट्रोल खेचतो, दुसऱ्या बाजूचा पडदा छोटा लिव्हर दाबून सुई उघडतो. हा दुसरा पडदा बोटाने हलवून पाहा. तो कापडासारखा मऊ हवा. पापडासारखा कडक होऊन आवाज करत असेल, तर कितीही धुवा, रेस देताना पेट्रोल कमीच मिळणार. पडद्यांचं किट स्वस्त मिळतं. कार्बोरेटरवर वॉल्ब्रो किंवा झामा असं नाव आणि मॉडेल कोरलेलं असतं, ते वाचूनच किट मागा.

बसवताना अनुक्रम चुकतो. बहुतेक मॉडेलमध्ये पंपाच्या बाजूला आधी पडदा, त्यावर पॅकिंग. सुईच्या बाजूला आधी पॅकिंग, त्यावर पडदा. उघडताना मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पंपाच्या झाकणाखाली शर्टाच्या बटणाहून लहान गोल जाळी असते, तीही बघा, पुष्कळदा सगळा कचरा तिथेच अडकलेला सापडतो. भोकात तार घालू नका, आणि पडदे जागेवर असताना कॉम्प्रेसरची हवा मारू नका. पडदा फाटतो, आतली बारीक झडप उडते, आणि मग नवा कार्बोरेटर खरोखरच घ्यावा लागतो.

सायलेन्सरकडे कोणी बघत नाही. त्याच्या तोंडाशी ठिणग्या अडवणारी जाळी असते, ती काजळीने बुजली की धूर बाहेर पडत नाही आणि मशीन भरलेल्या पोटाने पळाल्यासारखी चालते. जाळी काढून तारेच्या ब्रशने घासा, पण परत बसवा. उन्हाळ्यात वाळक्या पाल्यात जाळीविना मशीन चालवणं म्हणजे वणव्याला आमंत्रण.

सायलेन्सर निघालाच आहे तर प्लगची टोपी काढून दोरी हळू ओढा आणि सायलेन्सर जिथे लागतो त्या भोकातून पिस्टन बघा. गुळगुळीत असेल तर उत्तम. उभे ओरखडे असतील तर मशीन सीझ होऊन गेली आहे, आणि कार्बोरेटरवर खर्च करण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. १२० पीएसआयच्या वर असेल तर पुढे जा. ९० च्या आसपास असेल तर आधी रिंग-पिस्टनचा विचार करा.

आता स्क्रू

एवढं सगळं झाल्यावर, फिल्टर स्वच्छ आणि मशीन गरम असताना, स्क्रूकडे वळा. फिरवण्याआधी प्रत्येक स्क्रू हलक्या हाताने आत बसवून किती फेरे होते ते लिहून ठेवा. आवळू नका, टोक खराब होतं. आधी एल, म्हणजे स्लोवरचं पेट्रोल ठरवणारा स्क्रू: स्लोवर जिथे आवाज सगळ्यात चढतो तिथे थांबा, मग पाव फेऱ्याहून थोडा कमी घड्याळाच्या उलट दिशेने सोडा. ट्रिगर झटक्यात दाबल्यावर न अडखळता उचललं, तर जमलं. स्लोवर चेन फिरत असेल तर स्लो कमी-जास्त करणाऱ्या तिसऱ्या स्क्रूने आवाज खाली आणा.

एच, म्हणजे पूर्ण रेसवरचं पेट्रोल ठरवणारा स्क्रू. त्याला सावकाश. पूर्ण रेसवर, लाकडाबाहेर, आवाज किंचित गुरगुरता हवा, आणि लाकडात शिरल्यावर तो स्वच्छ व्हायला हवा. लाकडाबाहेरच तो शिट्टीसारखा कोरा आणि उंच लागत असेल, तर पेट्रोल आणि पर्यायाने ऑइल कमी मिळतंय. तशी मशीन एकदम झकास पळते आणि थोड्याच वेळात पिस्टन खाते. नवीन काही मशिनींत ठिणगी देणारी कॉइलच इंजिनचा वेग एका मर्यादेपुढे अडवते, तिथली गुरगुर कानाला फसवते, म्हणून अशा मशीनवर एच हा इंजिनचा वेग मोजणारा मीटर लावूनच सेट करा.

एवढं करूनही रेस सोडल्यावर आवाज लगेच खाली येत नसेल, किंवा मशीन कुशीवर वळवली की स्लो बदलत असेल, तर कार्बोरेटरमागचा रबरी बूट किंवा क्रँकची सील गेलीय. बूट उघडून दिसतो. सीलला दाब आणि व्हॅक्यूम लावून तपासावं लागतं. दाब-व्हॅक्यूम लावायचा तो पंप ज्या मेकॅनिककडे आहे त्याच्याकडेच मशीन द्या.