नाशिकला आलात, आता रोजच्या गोळ्यांची सोय लावून टाका

जळगाव-धुळ्याकडून किंवा विदर्भातून सातपूर-अंबडला नोकरीसाठी येणारं कुटुंब खोली, गॅस, मुलांची शाळा सगळं बघतं. आईच्या बीपीच्या आणि वडिलांच्या शुगरच्या गोळ्या मात्र गावाकडचा साठा संपला की आठवतात. मग पगार होईपर्यंत खाडा. मीही खानदेशातून येऊन सिडकोत स्थिरावलो. कळकळीने सांगतो, पैशापायी गोळी बंद ठेवू नका. इथे सोय आहे.

सगळ्यात आधी पगारपत्रक बघा. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल आणि ईएसआयचे (कामगार राज्य विम्याचे) ०.७५ टक्के कापले जात असतील, तर औषधं तुमच्या हक्काची आहेत. सातपूरला कामगार विमा रुग्णालय आहे. बायको-मुलांची आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांची नावं कार्डावर चढली आहेत ना, हे कंपनीच्या ऑफिसात जाऊन पहिल्याच महिन्यात विचारा. दरमहा कपात होते आणि माणूस गोळ्या बाहेरून विकत घेतो, हे बघून फार वाईट वाटतं.

ईएसआय नसेल तर त्र्यंबक रोडचं सिव्हिल. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासणी आणि औषधं मोफत आहेत. सकाळी लवकर जा, जुनी चिठ्ठी आणि रिपोर्ट सोबत न्या. केसपेपर जपून ठेवा, पुढच्या वेळी तोच लागतो.

विकतच घ्यायची वेळ आली तर जनऔषधी केंद्र, म्हणजे सरकारी योजनेतलं स्वस्त औषधांचं दुकान, गाठा. तिथे गोळीचं कंपनीने दिलेलं नाव चालत नाही, औषधाचं मूळ नाव लागतं: मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन, अ‍ॅम्लोडिपिन. डॉक्टरांना तेच नाव ठळक लिहून द्यायला सांगा. गोळीतलं औषध तेच, किंमत बऱ्याचदा निम्म्याहूनही कमी. फक्त थायरॉईड आणि फिटच्या गोळ्यांची कंपनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका. त्यात थोडा फरकही त्रास देऊ शकतो.

राज्य सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेवर रोजच्या गोळ्यांसाठी विसंबू नका, ती मुख्यतः भरती होऊन करायच्या उपचारांसाठी आहे.

स्ट्रिपमध्ये आठवड्याच्या गोळ्या उरल्या की हालचाल सुरू करा. रविवारी आणि सणावारी ओपीडी बंद असते. २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी शहरातून वाट काढणंही अवघड होईल, तेव्हा महिनाभराचा साठा आधीच घरात ठेवा. ओळखीचा मेडिकलवाला जुन्या चिठ्ठीवर गोळ्या देतो म्हणून वर्षानुवर्षं तोच डोस चालू ठेवू नका. डॉक्टर सांगतील तेव्हा बीपी-शुगर तपासून नवी चिठ्ठी घ्या. आणि स्ट्रिप कापताना नाव व मुदतीची तारीख असलेला भाग शेवटपर्यंत राहू द्या. चिठ्ठी हरवली तर डॉक्टरांना दाखवायला तोच उपयोगी पडतो.