कर्करोग आणि रोगप्रतिकारशास्त्रातील पोस्टडॉक : शोध, अर्ज आणि निवड

कर्करोगजीवशास्त्र किंवा रोगप्रतिकारशास्त्र यांत पीएच.डी. करणारे पुष्कळ विद्यार्थी प्रबंध सादर झाल्यावरच पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनकाळासाठी, पुढच्या प्रयोगशाळेचा विचार सुरू करतात. पदवी मिळताच बऱ्याच फेलोशिपांसाठी अर्ज करण्याच्या पात्रतेची मुदत मोजली जाऊ लागते आणि प्रयोगशाळा ठरवून प्रस्ताव लिहिण्यात सहज काही महिने जातात. त्यामुळे पदवीच्या अपेक्षित तारखेच्या किमान वर्षभर आधी तयारीला लागावे.

आधी देश किंवा विद्यापीठ नव्हे, तर प्रश्न ठरवावा. रोगप्रतिकारशक्तीवरील लगाम सैल करून कर्करोगाशी लढता येते, हे दाखवल्याबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ साली नोबेल मिळाले. आज या क्षेत्राचा व्याप इतका वाढला आहे की ‘मला कॅन्सर इम्युनॉलॉजीत काम करायचे आहे’ एवढ्याने काहीच कळत नाही. गाठीत शिरलेल्या टी-पेशी (रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार) का थकतात, मॅक्रोफेज या भक्षक पेशी गाठीला साथ का देतात, घन गाठींवर कार-टी उपचार (रुग्णाच्या टी-पेशींत जनुकीय बदल करून त्या परत देणे) कमी का पडतात, हे वेगवेगळे प्रश्न आहेत आणि त्यांसाठी लागणारी कौशल्येही वेगळी आहेत. आपल्या प्रश्नावर काम करणाऱ्या आठ-दहा प्रयोगशाळा निवडून त्यांचे अलीकडचे शोधनिबंध आणि प्रीप्रिंट (तज्ज्ञांच्या परीक्षणाआधीच प्रसिद्ध केलेले मसुदे) वाचावेत.

या यादीत भारतातील प्रयोगशाळा केवळ नाइलाज म्हणून ठेवू नयेत. खारघरचे ॲक्ट्रेक हे टाटा स्मारक केंद्राचे कर्करोग संशोधन केंद्र, पुण्याची राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र ही संस्था आणि दिल्लीची राष्ट्रीय प्रतिरक्षा संस्था येथे या विषयांवर काम चालते. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून विकसित झालेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. तोंडाच्या कर्करोगासारख्या, आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर आढळणाऱ्या आजाराचा अभ्यास करायचा असेल, तर रुग्णालयाला जोडलेली प्रयोगशाळा हा फार मोठा लाभ आहे. अर्थसाहाय्यासाठी राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप आणि जैवतंत्रज्ञान विभागाची रिसर्च असोशिएटशिप यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे.

परदेशी फेलोशिपांचे नियम बारकाईने वाचावेत, कारण एखाद्या अटीमुळे अर्ज वाचला जाण्याआधीच बाद होतो. युरोपातील मारी क्युरी फेलोशिपसाठी अर्जाच्या अंतिम तारखेपूर्वीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांपेक्षा अधिक वास्तव्य झालेले चालत नाही. म्हणजे त्या ३६ महिन्यांत जर्मनीत दीड वर्ष राहिलेल्याला सामान्यतः जर्मनीसाठी ती मिळणार नाही. अमेरिकेतील एनआयएच या राष्ट्रीय आरोग्य संस्थेची एफ३२ ही पोस्टडॉक फेलोशिप तेथील नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच मिळते, मात्र पोस्टडॉकना स्वतंत्र संशोधक होण्यासाठी मिळणाऱ्या तिच्या के९९ अनुदानाला नागरिकत्वाची अट नाही. न्यूयॉर्कच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटची फेलोशिप कर्करोगाशी निगडित इम्युनॉलॉजीसाठीच आहे. तिलाही नागरिकत्वाचे बंधन नाही आणि प्रयोगशाळा अमेरिकेतच असावी असेही नाही, म्हणून या विषयातील भारतीय उमेदवाराने ती आवर्जून पाहावी.

सर्वाधिक वेळ पहिल्या पत्राला द्यावा. ‘आपले संशोधन मला अत्यंत प्रेरणादायी वाटते’ हे वाक्य कोणत्याही प्राध्यापकांना पाठवता येते, म्हणूनच ते निरुपयोगी आहे. त्याऐवजी असे लिहावे : ‘पीडी-१ रोधकांना प्रतिसाद देणाऱ्या टीसीएफ१-धारी टी-पेशी गाठीतच टिकून राहतात की लगतच्या लसिकाग्रंथीतून सतत येत राहतात, हे टी-पेशी ग्राहींच्या अनुक्रमांवरून तपासावे, असे मला वाटते. पीएच.डी.च्या काळात मी उंदरांतील गाठींवर आणि बहुरंगी फ्लो सायटोमेट्रीवर काम केले आहे.’ (पीडी-१ रोधक म्हणजे टी-पेशींवरील लगाम सैल करणारी औषधे, टीसीएफ१ हे टी-पेशींतील एक प्रथिन आणि फ्लो सायटोमेट्री म्हणजे पेशींवरील प्रथिने चमकत्या रंगांनी ओळखण्याचे तंत्र.) यातून वाचन, प्रश्न आणि कौशल्य एकदम दिसते. पत्र एका पानाहून मोठे नसावे, सोबत परिचयपत्र आणि तीन शिफारसकर्त्यांची नावे द्यावीत. दोन आठवड्यांत उत्तर न आल्यास एकदा नम्रपणे आठवण करून द्यावी. त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

मुलाखतीतील सादरीकरणात आपला स्वतःचा वाटा स्पष्ट सांगावा. ‘ही पेशी पॉझिटिव्ह आहे हे कशावरून ठरवले, एफएमओ नियंत्रण लावले होते का?’ असे साधे वाटणारे प्रश्न हमखास येतात (एफएमओ नियंत्रण म्हणजे एक रंग वगळून केलेली फ्लो सायटोमेट्रीची तुलनात्मक चाचणी) आणि त्यांवरूनच उमेदवाराची शिस्त कळते.

आपणही प्रश्न विचारावेत, विशेषतः ती प्रयोगशाळा सोडून गेलेल्या व्यक्तींना. आधीचे पोस्टडॉक आज कुठे आहेत, एका प्रकल्पावर दोघांना झुंजवले जाते का, आणि स्वतंत्र होताना प्रकल्पाचा काही भाग सोबत नेता येतो का, हे निवडीपूर्वीच कळले पाहिजे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेच्या प्रमुखांकडूनही ई-मेलवर घ्यावे. नियुक्तिपत्रात वेतन, कालावधी, आरोग्यविमा आणि व्हिसाचा प्रकार लेखी असल्याखेरीज होकार कळवू नये.