टेक्सासमध्ये नवा पिकअप घेताना कोणती ट्रिम निवडावी

डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को-प्लेनोकडे किंवा ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटीकडे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांत पहिली गाडी बहुधा सेडान किंवा एसयूव्ही असते आणि दुसरीच्या वेळी पिकअपचा विषय निघतो. पिकअप घ्यावा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. ज्यांचे ठरले आहे आणि जे आता एकाच नावाच्या ट्रकच्या सात-आठ ट्रिम (म्हणजे सोयी आणि किमतीनुसार केलेल्या आवृत्त्या) पाहून गोंधळले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

भारतात आपण बेस मॉडेल, मधले मॉडेल आणि टॉप मॉडेल अशी सरळ शिडी पाहिलेली असते आणि खिशाला झेपेल तितक्या वरच्या पायरीवर जावे, असा आपला रिवाज असतो. पिकअपच्या बाबतीत हा रिवाज बाजूला ठेवावा लागतो, कारण इथे कॅब (माणसे बसण्याचा भाग), मागच्या हौद्याची लांबी, इंजिन, अ‍ॅक्सल रेशो (ओढण्याचा जोर ठरवणारे आसातल्या गिअरचे गुणोत्तर) आणि टू-व्हील की फोर-व्हील ड्राइव्ह हे सगळे निर्णय ट्रिमपासून बऱ्याच अंशी वेगळे असतात, आणि सर्वांत महागडी ट्रिम ही सर्वांत कमी ओझे वाहणारी असण्याचीच शक्यता अधिक असते. माझा आग्रह असा की ट्रिम सगळ्यात शेवटी ठरवावी.

आधी नावांची ओळख करून घेऊ. फोर्ड एफ-१५० मध्ये एक्सएल, एसटीएक्स, एक्सएलटी, लॅरिएट, किंग रँच आणि प्लॅटिनम असा क्रम लागतो. शेव्हरले सिल्व्हराडोमध्ये डब्ल्यूटी म्हणजे वर्क ट्रक, मग कस्टम, एलटी, आरएसटी, एलटीझेड आणि हाय कंट्री. रॅम १५०० मध्ये ट्रेड्समन, बिग हॉर्न, लॅरामी, लिमिटेड. यांतल्या बिग हॉर्नलाच टेक्सासमध्ये लोन स्टार म्हणतात, त्यामुळे ती काही निराळी गाडी आहे असे समजू नये. सॅन अँटोनिओच्या कारखान्यात तयार होणाऱ्या टोयोटा टंड्रामध्ये एसआर, एसआर५, लिमिटेड, प्लॅटिनम, १७९४ एडिशन आणि कॅपस्टोन. किंग रँच आणि १७९४ ही दोन्ही नावे टेक्सासमधल्या जुन्या गुरांच्या कुरणांवरून आली आहेत. मात्र ज्याला खरोखर गुरे सांभाळायची आहेत तो रबरी जमिनीचा आणि व्हिनाइलच्या सीटचा एक्सएल घेतो आणि संध्याकाळी आतून ओल्या फडक्याने पुसून काढतो.

पहिला निर्णय कॅबचा आणि हौद्याचा. मुलांच्या कार सीट लावायच्या असतील आणि वर्षातून काही महिने सांगलीहून किंवा पुण्याहून आई-वडील येणार असतील, तर चार पूर्ण दारांची क्रू कॅब घ्यावी; मधली, लहान मागच्या दारांची कॅब स्वस्त पडते, पण तिच्या मागच्या सीटवर मोठ्या माणसाला ऑस्टिनपर्यंत बसवणे म्हणजे शिक्षाच. हौदा साडेपाच फुटी घ्यावा की साडेसहा फुटी, हे घरच्या गराजवरून ठरते. उपनगरातली बरीच गराजे आतून सुमारे वीस फूट, म्हणजे २४० इंच खोल असतात. क्रू कॅब आणि साडेपाच फुटी हौद्याचा एफ-१५० सुमारे २३२ इंच लांब आहे, म्हणजे तो भिंतीला नाक टेकवून कसाबसा मावतो. साडेसहा फुटी हौद्याचा २४३ इंचांच्या पुढे जातो आणि गराजचे दार बंद होत नाही. वॉटर हीटर किंवा शेल्फ गराजच्या मागच्या भिंतीला असेल तर पहिलाही मावणार नाही. टेप घेऊन मोजावे, आणि घर एचओएच्या (घरमालकांच्या संघाच्या) वसाहतीत असेल तर ड्राइव्हवेवर ट्रक उभा ठेवण्याविषयीचे नियमही त्याच दिवशी वाचून घ्यावेत.

आता ओझ्याकडे येतो, कारण नवीन माणसाची सर्वाधिक फसगत इथे होते. चालकाचे दार उघडले की खांबावर, सीटबेल्टच्या खाली, पिवळ्या पट्ट्याचा एक पांढरा स्टिकर दिसतो. माणसे आणि सामान मिळून या गाडीत किती किलो किंवा किती पौंडांपेक्षा जास्त वजन असू नये, हे त्यावर लिहिलेले असते. हा आकडा त्या मॉडेलचा नसून त्या विशिष्ट गाडीचा असतो. जाहिरातीतला दोन हजार पौंडांच्या वरचा आकडा साध्या, हलक्या बांधणीच्या ट्रकचा असतो. त्याच नावाच्या वरच्या ट्रिममध्ये काचेचे छप्पर, विजेवर हलणाऱ्या जड सीट, वीस-बावीस इंची चाके, फोर-व्हील ड्राइव्ह आणि आपोआप उघडणाऱ्या पायऱ्या आल्या की त्यांचे वजन याच आकड्यातून वजा होते, आणि दारावर चौदाशे पौंड लिहिलेले आढळले तर नवल नाही.

चौदाशे पौंड पुष्कळ वाटतात, म्हणून हिशेब करून दाखवतो. तुम्ही सहा हजार पौंडांचा कॅम्पर (राहण्याची सोय असलेला ट्रेलर) किंवा बोट ओढणार आहात असे धरू. ट्रेलरच्या वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार हिचवर (ट्रेलर जोडण्याच्या लोखंडी सांध्यावर), म्हणजे ट्रकच्याच पाठीवर येतो; १२ टक्के धरले तर ७२० पौंड झाले. चार मोठी माणसे ६५० पौंड, हौद्यातली बर्फाची पेटी, खुर्च्या आणि बॅगा २०० पौंड, हिचचे लोखंड ५० पौंड. बेरीज १,६२० झाली. ट्रकची ओढण्याची क्षमता कागदावर अकरा हजार पौंड असली तरी तुम्ही दारावरच्या मर्यादेच्या बाहेर गेलात, आणि हेच कुटुंब मधल्या ट्रिममध्ये, सतराशे-अठराशे पौंडांच्या स्टिकरवर, निर्धास्त गेले असते. ज्यांना गणपतीच्या वेळी मंडळाचे मखर, ढोल आणि मंडपाचे पाइप एवढेच न्यायचे आहेत, त्यांनी मात्र या हिशेबाने घाबरू नये. ते सामान कोणत्याही ट्रिममध्ये जाईल.

इंजिनाच्या बाबतीत प्रत्येक कंपनीची रीत वेगळी आहे. टंड्राच्या एसआर ट्रिममध्ये तेच व्ही-६ टर्बो इंजिन मुद्दाम सौम्य करून ३४८ हॉर्सपॉवरचे दिले जाते आणि एसआर५ पासून ते ३८९ चे होते, म्हणून तिथे सर्वांत खालची पायरी सोडण्याला खरे कारण आहे. सिल्व्हराडोमध्ये वर्क ट्रक आणि कस्टमला २.७ लिटरचे चार सिलिंडरांचे टर्बो इंजिन मूळ असते, तर तीन लिटरचे डिझेल वेगळा पर्याय म्हणून घ्यावे लागते. फोर्डच्या हायब्रिडला हौद्यातच विजेचे सॉकेट मिळतात आणि अधिक पैसे भरले तर ते ७.२ किलोवॉटपर्यंत वीज देतात. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात टेक्सासची वीज गेली तेव्हा काहींनी याच ट्रकवर घरातला हीटर आणि फ्रिज चालवला होता. घरात इन्सुलिन किंवा लहान मूल असेल तर चामड्याच्या शिवणीपेक्षा हा खर्च मी अधिक सार्थ मानेन.

ट्रेलर ओढायचाच असेल तर टोइंग पॅकेज (ट्रेलर ओढण्यासाठीचा संच) कारखान्यातूनच यायला हवे. हिच मागाहून बाहेर बसवता येते, पण योग्य अ‍ॅक्सल रेशो, जास्तीचे कूलिंग आणि डॅशबोर्डात बसलेला ट्रेलर ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरचे ब्रेक चालकाच्या हाती देणारे यंत्र) मागाहून तितक्या नीट आणि तितक्या स्वस्तात जमत नाहीत. थंड हवेच्या सीटचेही तसेच. जुलै-ऑगस्टमध्ये पार्किंग लॉटमध्ये दिवसभर तापलेल्या ट्रकमध्ये बसण्याचा अनुभव एकदा आला की वरच्या ट्रिममधली ही एकच सोय टेक्सासमध्ये चैन वाटत नाही. याउलट हौद्याचे स्प्रे लायनर, वरचे झाकण, रबरी मॅट आणि पाय ठेवायच्या पट्ट्या बाहेरच्या दुकानात निम्म्याशिम्म्या किमतीत होतात. आई-वडील येणार असतील तर या पट्ट्या आवर्जून लावाव्यात, नाहीतर सत्तरीच्या माणसाला ट्रकमध्ये चढताना दाराच्या हँडलला लोंबकळावे लागते. फोर-व्हील ड्राइव्ह सपाट डॅलसमध्ये राहणाऱ्याला क्वचित लागतो. हिवाळ्यात कोलोरॅडोला जाणारे, ओल्या उतारावरून बोट पाण्यात सोडणारे किंवा शेतजमीन घेतलेले लोक सोडले तर ते हजारो डॉलर मागच्या लॉकिंग डिफरन्शियलवर (मागची दोन्ही चाके एकत्र फिरवणाऱ्या सोयीवर) भागवून वाचवता येतात.

किमतीचा मुख्य कागद म्हणजे खिडकीवरचा मन्रोनी स्टिकर. १९५८ च्या कायद्यामागच्या ओक्लाहोमाच्या सिनेटरचे नाव त्याला मिळाले आहे. तो खालपर्यंत वाचावा, कारण एकाच एक्सएलटीमध्ये ३००ए, ३०१ए, ३०२ए असे संच असतात आणि दोन एक्सएलटींच्या किमतीत, पॅकेजेस धरून, दहा हजार डॉलरचा फरक सहज पडतो; भरपूर भरलेली एक्सएलटी आणि साधी लॅरिएट एकाच किमतीला उभ्या असतात. शेजारी डीलरने लावलेला दुसरा स्टिकर असेल तर त्यातले टायरमधले नायट्रोजन, रंगाचे संरक्षण आणि तत्सम ओळी काढून टाकायला सांगाव्यात. टेक्सासच्या कायद्याने डीलरला शनिवार-रविवार असे लागोपाठ दोन्ही दिवस विक्री करता येत नाही, म्हणून बहुतेक लॉट रविवारी बंद असतात आणि कोणी विक्रेता मागे न लागता खिडकीवरचे स्टिकर निवांत वाचता येतात. दारे मात्र कुलूपबंद असतात, तेव्हा आवडलेल्या ट्रकचा स्टॉक नंबर टिपून सोमवारी दाराच्या स्टिकरचा फोटो मागवावा. जो विक्रेता तो पाठवायला टाळाटाळ करतो, त्याच्याकडे जाण्याची गरज नाही.

पैशांविषयी थोडेच सांगतो. टेक्सासचा मोटार विक्रीकर ६.२५ टक्के आहे, म्हणजे ट्रिम दहा हजारांनी वर नेली की ६२५ डॉलर कर आणि त्या सगळ्यावर पाच-सहा वर्षांचे व्याज वाढते. नव्याने आलेल्याचा क्रेडिट इतिहास कोवळा असतो, व्याजदर चढा लागतो, आणि काही बँका व्हिसाची मुदत पाहून कर्जाची मुदत ठरवतात, म्हणून आपल्या बँकेची किंवा क्रेडिट युनियनची मंजुरी आधी खिशात ठेवून मगच डीलरकडे जावे. काही मोठ्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना वाहन कंपन्यांच्या ठरावीक सवलती मिळतात. आपल्या एचआरला विचारायला काहीच लागत नाही. व्हिसावर असताना ट्रक अचानक विकावा लागण्याची शक्यता गृहीत धरावी लागते, आणि त्या दृष्टीने क्रू कॅबची मधली ट्रिम, साध्या रंगात, लवकर गिऱ्हाईक मिळवते असे माझे मत आहे.

एवढे विचारात घेतल्यावर बहुतेक मराठी कुटुंबांचे उत्तर एक्सएलटी, एलटी, लोन स्टार किंवा एसआर५ या पट्ट्यात येते, वर टोइंग पॅकेज हवे तर. सही करण्याआधी करारावरचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) समोर उभ्या असलेल्या गाडीच्या काचेखालच्या नंबराशी आणि यादीतले प्रत्येक पॅकेज प्रत्यक्ष गाडीशी ताडून पाहावे, कारण डीलरकडे जाऊन घेतलेली गाडी तीन दिवसांत परत करण्याचा कोणताही हक्क कायदा इथे देत नाही.